आप्पांना दूध पचत नाही

आमच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी, दहा मिलीची एक सिरींज असते. सुई नसलेली. रस्सा आधी गाळायचा, कोमट होऊ द्यायचा, सिरींजच्या टोकाला बोट लावून दहाच्या खुणेपर्यंत भरायचा. मग बोट काढायचं आणि मोबाईलवर दहा सेकंद मोजायचे. सेकंद संपले की परत बोट. आत किती उरलं ते बघायचं. एक मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखं पातळ, आप्पांना अजिबात चालणार नाही. चार ते आठच्या मध्ये उरलं तर चालेल.

पांढऱ्या रश्शाची अशी परीक्षा कोल्हापुरात आजवर कुणी घेतली नसेल. पहिल्यांदा केली तेव्हा आई म्हणाली, "मटणाला इंजेक्शन देतीयस होय गं?" आणि हसली. तिला हसताना मी दोन महिन्यांनी बघत होते.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं. कोल्हापूर ते गगनबावडा ही त्यांची आवडती लाईन, कारण घाट आणि पाऊस. आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूसही 'पुढं सरका' म्हटलं की झोपेतच पुढं सरकायचा. २०२२च्या दिवाळीत चहा पिताना त्यांना ठसका लागायला लागला. मग 'र' आणि 'ळ' जड व्हायला लागले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं आईला हळूच विचारलं, "भाऊ घ्यायला लागलेत काय?" आयुष्यात पानसुद्धा न खाल्लेला माणूस. त्या दिवसापासून आप्पांनी दुकानात जाणं बंद केलं.

दात दाखवले, घसा दाखवला. एकानं सौम्य पॅरालिसिसचा झटका म्हणून गोळ्या दिल्या. एमआरआय स्वच्छ आला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, आज ते आठवलं की कसंतरी होतं. शेवटी ईएमजी झाली, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्याची विद्युत हालचाल बघतात ती तपासणी, आणि जून २०२३मध्ये नाव मिळालं. मोटर न्यूरॉन डिसीज. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, एएलएस. आप्पांचा बल्बर सुरुवातीचा, म्हणजे हातापायांच्या आधी जीभ आणि घसा.

एएलएस हे नाव मला माहीत होतं. २०१४मध्ये मी बारावीत होते आणि आईस बकेट चॅलेंज आलं होतं. आमच्या फ्रीजमध्ये बर्फाचे दोनच ट्रे मावायचे, म्हणून बादलीत सोळा खडे आणि बाकी नळाचं पाणी. व्हिडिओ आप्पांनीच काढला होता. आजार कोणता, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तो व्हिडिओ अजून आहे. त्यात आप्पांचा आवाज आहे, "ओत की आता, भितीस काय!" बाकी काही सांगत नाही.

*

या आजाराबद्दल जे सांगायचं ते थोडक्यात सांगते, कारण मला बोलायचंय जेवणाबद्दल. मेंदूतून आणि मज्जारज्जूतून स्नायूंना 'हल' म्हणून सांगणाऱ्या पेशी मरत जातात. निरोप येत नाही म्हणून स्नायू वाळत जातात. स्पर्श, चव, वास, भूक यांच्या वाटा वेगळ्या असतात, त्या बहुतेक वेळा शाबूत राहतात. म्हणजे आप्पांना मिसळीचा वास पूर्वीइतकाच येतो. खावंसं पूर्वीइतकंच वाटतं. फक्त तो घास जिभेनं मागं ढकलून, श्वासनलिका झाकून, अन्ननलिकेत सोडायचं जे काम आपण दिवसातून शेकडो वेळा न कळत करतो, ते होत नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट तीनदा सांगितली. वजन घसरू द्यायचं नाही. या आजारात पुष्कळ पेशंटचं शरीर नुसतं बसून असतानाही जास्त ऊर्जा जाळतं, आणि ज्यांचं वजन भराभर उतरतं त्यांचा आजारही भराभर पुढं सरकतो. आप्पा ७१ किलोंचे ६३ झाले होते. "जे मऊ आणि जड असेल ते द्या," डॉक्टर म्हणाले. "दूध, साय, खीर, पनीर, मिल्कशेक. डायबेटीस नाहीये ना? मग भरपूर द्या."

आईनं मान डोलावली. मीही. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि पोटावर हात फिरवला. मला वाटलं, भूक लागली असेल.

*

आप्पांना दूध पचत नाही, ही आमच्या घरातली विनोदाची गोष्ट होती.

तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर सांगते. आमच्याकडं संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी घेऊन येतात आणि समोर धार काढून फेसाळतं, कोमट दूध ग्लासात देतात. गंगावेशीत आजही. आजोबा तालमीतले. त्यांनी आप्पांना आठव्या वर्षी तिथं नेलं, मोठा ग्लास हातात दिला, आणि घरी परतताना पोरगं अर्ध्या रस्त्यात धोतराला धरून रडायला लागलं. मग पुढच्या आठवड्यात परत. मग परत. आजोबांना वाटायचं सवयीनं होईल. वर्षभरानंतर त्यांनी जाहीर केलं की हे पोरगं पैलवान होत नाही, आणि आप्पा शिकले, एसटीत लागले. आप्पा ही गोष्ट सांगताना शेवटी म्हणायचे, "म्हशीनं माझी नोकरी लावली."

चहातलं दूध चालायचं त्यांना. ताक, दही थोडं चालायचं. तूप तर पोळीवर धार धरून. पण ग्लासभर दूध, बासुंदी, खवा म्हटलं की पोट फुगायचं, गुडगुडायचं आणि मग धावपळ. आम्ही त्याला 'आप्पांचं पोट' म्हणायचो. त्याला लॅक्टोज इंटॉलरन्स असं नाव आहे हे मला कॉलेजात कळलं. दुधातली साखर, लॅक्टोज, फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. बाळपणी ते सगळ्यांकडं असतं, मोठं होता होता जगातल्या बहुतेक माणसांत ते कमी होत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू तयार करतात. ही अॅलर्जी नव्हे. अॅलर्जीत शरीर दुधातल्या प्रथिनांवर चाल करून जातं, ते वेगळं आणि धोक्याचं असतं. हे नुसतं न पचणं. म्हणून थोडं चालतं, जास्त चालत नाही. दह्यात विरजणाच्या जिवाणूंनी थोडी साखर आधीच संपवलेली असते, तुपात ती जवळजवळ नसतेच.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी डॉक्टरांसमोर मान डोलावली. 'मरणापेक्षा गॅस बरा' असा काहीतरी हिशोब डोक्यात झाला असणार. आठवीच्या विज्ञानाचं ज्ञान आणि घरातलं माणूस यांचा संबंध ऐन वेळी लागत नाही.

पंधरा दिवस आम्ही आप्पांना दूध पाजलं. सकाळी खीर, दुपारी केळ्याचा शेक, रात्री साय घातलेला शिरा. तिसऱ्या दिवसापासून ते पाटीवर लिहायला लागले. बोलणं कळेनासं झालं तेव्हापासून माझी बालवाडीतली पाटी बाहेर काढली होती. त्यावर एकच शब्द. पोट. आई म्हणायची, "जरा कळ काढा. ताकद यायला पायजे."

मग एका रात्री दोन वाजता टक् टक् टक् ऐकू आलं. आप्पांकडं त्यांचा जुना पंच आहे, तिकिटाला भोक पाडायचा. ईटीआय मशीन आल्यावर तो डेपोत जमा करायला हवा होता, तो त्यांनी का केला नाही हे विचारू नका. बोलता येत नाही म्हणून तो पलंगाच्या दांडीवर वाजवून आम्हाला बोलवतात. गाडीत 'चला' सांगायला वाजवायचे तसाच. आम्ही धावलो. आप्पा उठून बसले होते, मान पुढं, खांदे वर ओढून श्वास घेत होते. मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं.

मी वाचलं होतं की शेवटी श्वासाचे स्नायू जातात. मला वाटलं, आलं ते. इतक्या लवकर. आई देवाजवळचं तांब्यातलं पाणी घेऊन आली, आणि मी किंचाळले की पाणी देऊ नकोस, पाण्यानंच ठसका लागतो. आम्ही दोघी तिथं भांडलो. त्यांच्या पलंगाशी, रात्री दोन वाजता.

दवाखान्यात तपासलं. ऑक्सिजन ठीक. फुप्फुसं स्वच्छ. पोट ढोलासारखं. तिथं ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरनी आप्पांच्या पोटावर बोटांनी वाजवून बघितलं आणि विचारलं, "हे काय काय खातात?" मी यादी सांगितली. ते म्हणाले, यांचा श्वासाचा पडदा आधीच थोडा अशक्त झालाय, त्याला खालून एवढ्या वायूनं वर ढकललं आणि त्यात आडवं झोपवलं, तर तो खाली यायचा कसा?

म्हणजे तो आजार नव्हता. ते दूध होतं. आम्ही पाजलेलं.

*

घरी येऊन मी दूध बंद केलं. पण आप्पांचं पोट पूर्ण शांत होईना. आठवडा झाला. मी नाचणी बंद केली, डाळ बंद केली, केळं बंद केलं. या काळात वजन ६० झालं. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. बग सापडेपर्यंत एकेक गोष्ट बाजूला काढायची, हेच मला येतं. एक्सेलमध्ये तारीख, पदार्थ, ग्रॅम, पोट, झोप असे रकाने केले होते. ते रकाने काही सांगत नव्हते, कारण एक रकाना त्यात नव्हताच.

तांदळाच्या डब्यामागं मला दूध पावडरीचा डबा सापडला. आई पेजेत दोन-दोन चमचे घालत होती. पावडरीत पाणी नसतं पण लॅक्टोज सगळं असतं, उलट घट्ट होऊन बसलेलं. आप्पांनी तिला पाटीवर विचारलंही होतं, 'दूध आहे?' तिनं नाही म्हणून सांगितलं होतं.

मी तिला बरंच बोलले. आज ते शब्द लिहायचं धाडस नाही. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "त्यांची पँट बघितलीस? पट्ट्याला नवीन भोक पाडून आणलंय मी. त्या पंचानं पडत न्हाई चामड्याला, म्हणून चांभाराकडं गेलते."

तिचा डबा आणि माझं मान डोलावणं, दोन्ही एकाच भीतीतून आलं होतं. मी नंतर गप्प बसले. डबा शेजारच्या काकूंकडं गेला. त्या रात्री आईनं आप्पांच्या पाटीवर स्वतःच्या हातानं काहीतरी लिहिलं, त्यांनी वाचलं आणि तळहातानं पुसून टाकलं. काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही.

*

आता कामाचं बोलते. कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात असं माणूस असेल तर त्यांना हेच हवं असणार.

एक आहारतज्ज्ञ बाई भेटल्या. त्यांनी पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला जो सगळ्यांनी विचारायला हवा होता. आजाराच्या आधी यांना काय पचायचं नाही? मग म्हणाल्या, दूध म्हणजे काही ताकदीचा एकमेव दरवाजा नाही. एक ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी, एक ग्रॅम पिठात किंवा प्रथिनात चार. पेशंट थोडंच गिळू शकतो, तर प्रत्येक चमच्यात जास्तीत जास्त भरा. मोठा चमचाभर तूप म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, तेही लॅक्टोजशिवाय. नारळाचं घट्ट दूध. शेंगदाणे भाजून, सोलून, भिजवून अगदी लोण्यासारखे वाटलेले. सोयाबीनचं दूध. अंड्याचा बलक. तीळ वाटून.

हे ऐकताना आईचा चेहरा बदलत गेला. शेंगदाणे, तीळ, नारळ, तूप. ही काही दवाखान्याची यादी नव्हती. हे सगळं तिच्या पाट्याखालून आयुष्यभर गेलेलं. पांढऱ्या रश्शात तरी दुसरं काय असतं? मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस. दुधाचा थेंब नाही. आम्ही आप्पांना पंधरा दिवस खीर पाजत होतो, आणि त्यांचं औषध आमच्या रविवारच्या पातेल्यात होतं.

फक्त तो पातळ. आणि या आजारात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे पाणी. ऐकून विचित्र वाटतं, पण पातळ द्रव घशात इतक्या वेगानं घसरतो की अशक्त स्नायूंना दार लावायला वेळच मिळत नाही, आणि तो श्वासनलिकेत जातो. म्हणून घट्ट करायचं. किती घट्ट, याचं एक आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे, आयडीडीएसआय, शून्य ते सात पायऱ्यांचं. ती सिरींजची चाचणी त्यातलीच. सिरींजही सारख्या नसतात, दहा मिलीच्या खुणेपर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर लागते. मी पट्टी घेऊन मेडिकलमध्ये गेले होते. दुकानदारानं काही विचारलं नाही, भला माणूस.

मी आधी रस्सा तांदळाच्या पिठीनं घट्ट केला. सिरींजमध्ये पास. आप्पांनी निम्मी वाटी नीट खाल्ली आणि उरलेल्या निम्म्यात ठसका लागला. दुसऱ्या दिवशी परत तेच. सुरुवात छान, शेवट ठसका. मला वाटलं, थकतात. तिसऱ्या दिवशी मी उरलेली वाटी सिरींजमध्ये भरली, आणि ती पाण्यासारखी वाहून गेली. त्याच वाटीतला रस्सा, वीस मिनिटांपूर्वी पास झालेला.

उत्तर शाळेतलंच होतं. पोळीचा तुकडा बराच वेळ चावला की गोड लागतो तो प्रयोग आठवतो? लाळेतलं अमायलेज पिष्ट फोडतं. आप्पांच्या तोंडातला चमचा परत वाटीत जात होता, त्याबरोबर लाळ जात होती आणि ती वाटीतल्या वाटीत पिठीचं पाणी करत होती. पेज, सत्त्व, कॉर्नफ्लोअर, सगळ्याचं हेच. उपाय दोन. वाटी छोटी ठेवायची आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वाटीतून थोडं थोडं काढून घ्यायचं. किंवा झँथन गमची पावडर वापरायची, तिच्यावर लाळेचा असर होत नाही. इतक्या महिन्यांत मला एवढा आनंद कशानं झाला नव्हता. बग सापडला होता.

बाकीच्या गोष्टी हळूहळू कळल्या. फोडणीतली मोहरी आणि कढीपत्ता म्हणजे शत्रू. साबुदाणा टाळूला चिकटून बसतो, म्हणून आईनं आप्पांचे उपवास स्वतःकडं घेतले. पातळ वरण आणि भाताची शितं असं दुहेरी काही नको, जीभ कुणाला आधी सांभाळणार? दोन्ही एकत्र घोटायचं. भडंग तर विसरायचंच. शेंगदाणे चालतात, पण वाटलेले. नारळाचं दूध चालतं, पण खोबऱ्याचा चोथा घशात कुसळासारखा अडकतो, म्हणून दोनदा गाळायचं. खाताना हनुवटी किंचित छातीकडं, हे आप्पांना स्पीच थेरपिस्टनी शिकवलं. सगळ्यांना ते लागू पडत नाही, त्यांना पडलं. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास बसून राहायचं.

आणि गोळी. रिल्युझोल, दिवसातून दोनदा. ती जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी घ्यायची, चरबीच्या जेवणाबरोबर ती नीट शोषली जात नाही. इकडं आम्ही दर दोन तासांनी तूप भरवतोय. म्हणजे आमचा दिवस एसटीच्या टाईमटेबलसारखा, आणि आप्पा त्यावर नजर ठेवून. गोळी गिळता येईना म्हणून आईनं एकदा ती कुटून मधात चाटवली, तर जीभच बधिर झाली. त्या औषधाचा तसा गुण आहे. आधीच लुळी जीभ, त्यात बधिर. तो दिवस उपाशीच गेला. आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही काहीही कुटत नाही.

हे औषध सरासरी दोन-तीन महिने आयुष्य वाढवतं. १९९५पासून आहे. महागडी गोष्ट वाटते ना, एवढ्याशा महिन्यांसाठी? मलाही वाटायची.

*

सल्ले येतच होते. आत्या दर गुरुवारी फोन करायची. "दुधानं ताकद येती आणि तुमी दूधच बंद केलंय?" तिला सगळं समजावलं. पुढच्या गुरुवारी, "दही देताय? दह्यानं कफ हुतोय बाई." यात तिचं अगदीच चुकत नव्हतं, आप्पांच्या तोंडात चिकट लाळ साठत होती. पण ती कफ वाढल्यामुळं नव्हे, गिळली जात नसल्यामुळं आणि पाणी कमी पडल्यामुळं. दुधानं लाळ घट्ट लागते खरी, कफ तयार होत नाही. आम्ही दही आठवडाभर बंद करून बघितलं, काही फरक नाही, परत सुरू केलं. मावसभावानं गहू बंद करायला सांगितलं. कुणी मीठ. कुणी सगळं शिजवलेलं बंद करून फक्त रस. कॉलनीतल्या एका काकांनी तर महिनाभराच्या उपवासानं बरं झालेल्या कुणाची गोष्ट सांगितली. वजन टिकवणं हाच ज्याचा उपचार, त्याला उपवास. मी फोन ठेवला आणि मोबाईल उशीखाली दाबला.

पण मीही त्यांच्यातलीच झाले होते. मी तिखट बंद केलं होतं. एकदा लाल तिखटानं ठसका लागला आणि मी सरसकट सगळंच बंद करून टाकलं. दूध नाही, तिखट नाही, कोरडं नाही, चिकट नाही. एक्सेलमध्ये हिरवा रंग वाढत होता. कॅलरी १८००. मला वाटत होतं, छान चाललंय.

ऑक्टोबरमध्ये आप्पांनी तोंड बंद केलं. दोन दिवस. चमचा नेला की मान फिरवायचे. आई रडली, मी रागावले. तिसऱ्या दिवशी मी पाटी त्यांच्या मांडीवर आदळली. त्यांनी सावकाश लिहिलं. हातही आता थरथरत होता, म्हणून अक्षर मोठं.

'हे पेशंटचं जेवण. माझं नव्हे.'

मग पुसलं आणि खाली लिहिलं, 'कट.'

कट म्हणजे मिसळीवरचा लाल तवंग. मी आईकडं बघितलं. ती आधीच कांदा चिरायला लागली होती. तिनं मसाला भाजून वाटला, तेलात चांगला परतला, कट उकळला, दोनदा फडक्यातून गाळला. लाल तिखटाची कोरडी पूड घशात उडते, तेलात मुरलेली नाही, हे तिला माहीत होतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी तो घट्ट केला, सिरींज भरली, दहा सेकंद. सहा मिली. वाटलेल्या मटकीवर अर्धा चमचा. आप्पांनी हनुवटी खाली घेतली, गिळलं. आम्ही श्वास रोखून बघत होतो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून पाणी आलं, आणि त्यांनी पंच उचलून दांडीवर दोनदा वाजवला.

एसटीत दोन टोल म्हणजे गाडी सोडा.

*

जानेवारी २०२४मध्ये वजन ५५ झालं. तूप, नारळ, शेंगदाणे सगळं करूनही. एका वाटीला पाऊण तास लागायचा आणि त्यातली निम्मी ऊर्जा गिळण्यातच जायची. डॉक्टर आधीपासून पोटातल्या नळीबद्दल बोलत होते. त्याला पेग म्हणतात. दुर्बिणीच्या मदतीनं पोटाच्या भिंतीतून थेट जठरात छोटी नळी बसवायची. ही नळी श्वासाची ताकद निम्म्यावर यायच्या आत बसवावी असं सांगतात, उशीर झाला की तेवढी भूलही झेपत नाही. आप्पांनी तीनदा नाही म्हटलं होतं. त्यांच्यासाठी नळी म्हणजे शेवट. मीही त्यांना पटवलं नाही खरं तर, कारण मलाही तसंच वाटत होतं.

पटवलं त्या आहारतज्ज्ञ बाईंनी. त्या म्हणाल्या, "काका, नळी बसली म्हणजे तोंड बंद असं नाही. पोट भरायचं काम नळीकडं द्या. तोंडाकडं चवीचं ठेवा. जमेल तेवढे दिवस." आप्पा बराच वेळ पाटीकडं बघत बसले. मग लिहिलं, 'चहा?' बाई म्हणाल्या, घट्ट केलेला, दोन-तीन चमचे. आप्पांनी लिहिलं, 'दूध घालून.' आणि आईकडं बघून हसले. बल्बर आजारात हसू ओठांवर नीट येत नाही, अर्धवट राहतं, पण ते कळतं.

फेब्रुवारीत नळी बसली. डबाबंद पावडरीचं फीड घरी आणलं तेव्हा आईनं डबा माझ्यासमोर धरला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. "बघ आधी." मी वाचलं, लॅक्टोज फ्री. असल्या बहुतेक पावडरी तशाच असतात, हे नंतर कळलं. तिनं तरी तो डबा दोन दिवस फोडला नाही. आधी थोडं देऊन बघायला लावलं, मग वाढवलं. मार्चअखेर वजन ५६ आलं. एक किलो. आम्ही आत्याला फोन केला, तिनं दुधामुळं का म्हणून विचारलं.

आता रोज संध्याकाळी पाच वाजता असं असतं. आप्पा खुर्चीत, पाठ ताठ, फीड चालू. आई शेजारी स्टुलावर चहाचं भांडं घेऊन. ती त्यांच्या चहात पाव कप दूध घालते, गाळते, कोमट करते, पावडर मिसळून घोटते. मग सिरींज भरते. मोबाईल तिला लागत नाही, ती तोंडानं मोजते. एक, दोन, तीन. काल सातवर असताना फोन वाजला आणि ती चुकली. परत भरायला लागली, तर आप्पांनी पंच वाजवला. एकदाच. एक टोल म्हणजे थांबा. त्यांनी स्वतः हात पुढं करून सिरींज घेतली, बोट टोकाला लावलं, थरथरत दहाच्या खुणेपर्यंत भरून घेतली आणि तिला धरायला दिली.

मग मोजायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. आई बघत होती आणि त्यांच्याबरोबर मोठ्यानं म्हणत होती.

सहा मिली उरलं.

"चालतंय," आई म्हणाली, आणि चमचा उचलला.